निर्दोष मालाचा दोष

जॉर्ज बर्नार्ड शॉचें ‘मेजर बार्बरा’ हें नाटक १९०५ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरांत प्रथम झालें, आणि आर्थर मिलरचें ‘ऑल माय सन्स’ १९४७ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें. या दोहोंच्या मधल्या काळांत जगानें दोन महायुद्धें पाहिलीं. युद्धाला लागणारा माल पुरवून श्रीमंत होणाऱ्या गृहस्थाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हा प्रश्न या दोन नाटकांनीं मिळून जितक्या स्पष्टपणें मांडला आहे, तितका इतरत्र क्वचितच आढळेल. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आपल्याकडील वर्गांतून दोन्ही नाटकें परिचित आहेत. त्यांची तुलना निघाली कीं, मिलर हा गंभीर नीतिवादी आणि शॉ हा नीतीची टर उडविणारा बुद्धिविलासी, असा निकाल देण्याचा मोह सहज होतो. प्रस्तुत लेखांत या निकालाची फेरतपासणी करावयाची आहे.

या फेरतपासणीला निमित्त आहे तें आजच्या परिस्थितीचें. क्षेपणास्त्रें आणि वैमानिकरहित विमानें आज ज्या सुट्या भागांपासून तयार होतात, त्यांतील पुष्कळ भाग तोफांच्या कारखान्यांत बनत नाहींत. मोटारी, कॅमेरे, संगणक, हौशी लोकांचीं लहान विमानें यांसाठीं माल बनविणाऱ्या अगदीं सभ्य व निरुपद्रवी कंपन्यांत ते बनतात. अशा कंपनीचें नैतिक दायित्व कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें? हा प्रश्न मनांत धरून दोन्ही नाटकें पुन्हां वाचलीं, तर वरचा निकाल बराचसा फिरतो. आणि तरीहि या प्रश्नाचें सर्वांत खरें पात्र शॉच्या नाटकांत न सांपडतां मिलरच्याच नाटकांत सांपडतें, असें आमचें मत आहे.

प्रथम मिलरचें नाटक घेऊं. जो केलर हा अमेरिकेंतील एका लहान शहरांतला कारखानदार. युद्धकाळीं त्याच्या कारखान्यांतून लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठीं सिलिंडरचीं डोकीं पुरविलीं जात. एके दिवशीं तडे गेलेला माल निघतो. सैन्याची मागणी तर निकडीची. भागीदार स्टीव्ह डीव्हर घाबरून केलरला टेलिफोन करतो. केलर त्याला तडे बुजवून माल रवाना करावयास सांगतो, आणि स्वतः मात्र आजारपणाचें निमित्त करून घरींच राहतो. एकवीस वैमानिक प्राणांस मुकतात. न्यायालयांत टेलिफोनवरचें बोलणें सिद्ध करतां येत नाहीं. डीव्हर तुरुंगांत जातो, केलर सुटतो आणि पुन्हां गांवांत प्रतिष्ठित होऊन बसतो. त्याचा धाकटा मुलगा लॅरी हा वैमानिक असून युद्धांत बेपत्ता झालेला आहे; थोरला ख्रिस युद्धावरून परत येऊन बापाच्याच कारखान्यांत काम करीत आहे. अखेरीस लॅरीचें पत्र वाचलें जातें. बापाचा अपराध कळल्यावर त्यानें जाणूनबुजून मृत्यु पत्करला, असें त्यावरून उघड होतें. मेलेले ते वैमानिकहि लॅरीच्या लेखीं आपलेच मुलगे होते, हें केलरला तेव्हां उमगतें, आणि तो आंत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतो.

नाटकाची बांधणी पक्की आहे आणि त्याचा परिणाम विलक्षण आहे, याबद्दल वाद नाहीं. पण वाचकांनीं मनाशीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. त्या मालाला तडे गेलेच नव्हते अशी कल्पना करा. प्रत्येक नग मापांत आहे, तपासणींत उत्तीर्ण झाला आहे आणि वेळेवर पोंचला आहे. मग नाटकांत काय उरतें? केलर निष्कलंक ठरतो, लॅरी जगतो, डीव्हर तुरुंगांत जात नाहीं, आणि तीं एकवीस विमानें आपल्या कामगिरीवर जाऊन सुखरूप परत येतात. त्यांच्या कामगिरींत मेलेले लोक नाटकाच्या बाहेरच राहतात. म्हणजे मिलरच्या न्यायासनापुढें जो आरोप आहे तो खराब मालाचा आहे. चांगल्या मालाचा खटला तेथें दाखलच होत नाहीं.

ही गोष्ट मिलरला अगदींच जाणवली नव्हती असें मात्र म्हणतां येत नाहीं. तिसऱ्या अंकांत कोंडींत सांपडलेला केलर एक जबरदस्त युक्तिवाद करतो. युद्धांत फुकट काम केलें कोणी? डेट्रॉइटमधून बंदुका आणि मालमोटारी निघाल्या त्या किंमत हातीं पडल्यावांचून निघाल्या काय? मग स्वच्छ पैसा कोणता? असे त्याचे प्रश्न आहेत. या प्रश्नांना ख्रिसजवळ खरें उत्तर नाहीं. आपला बाप इतरांहून वाईट नाहीं हें तोहि कबूल करतो. आपण त्याला केवळ माणूस न मानतां बाप मानलें, एवढेंच त्याचें दुःख. युक्तिवाद असा मध्येंच लोंबकळत असतांना लॅरीचें पत्र पुढें येतें आणि सर्वांना गप्प करतें. नाट्यदृष्ट्या तें पत्र अमोघ आहे, परंतु विचारदृष्ट्या तो बगल देण्याचा प्रकार आहे. केलरनें विचारलें होतें सर्वांच्या पैशाविषयीं. उत्तर मिळालें तें एकट्या केलरच्या तड्यांविषयीं.

नाटकाचें नांवहि याच दृष्टीनें तपासण्याजोगें आहे. ‘सर्व’ या शब्दांत कोण कोण येतात? घराच्या कुंपणाबाहेर माणसांचें विश्व आहे आणि आपण त्याचें देणें लागतों, अशा अर्थाचे उद्गार ख्रिस शेवटीं काढतो. पण त्या विश्वांतून नाटकांत प्रवेश मिळतो तो केवळ अमेरिकन वैमानिकांना. त्यांच्या विमानांच्या माऱ्याखालीं सांपडलेल्यांपैकीं एकाचाहि उल्लेख होत नाहीं. नांवानें जेवढें क्षेत्र व्यापलें आहे, तेवढें नाटकानें व्यापलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हा आक्षेप अन्यायाचा आहे. तें युद्ध हिटलरशीं होतें, आणि त्यांत चांगलीं इंजिनें पुरविणें हें पुण्यकृत्यच होतें. शिवाय मिलरच्या डोळ्यांपुढें खरा प्रसंग होता तोहि सदोष मालाचाच. ओहायोमधील राइट एरोनॉटिकल कंपनीच्या कारखान्यांतून खराब विमान-इंजिनें सैन्याच्या माथीं मारलीं जात असल्याचें १९४३ सालीं सिनेटर ट्रूमन यांच्या समितीनें उघडकीस आणलें होतें. हें सर्व मान्य आहे, आणि केलरनें शत्रूसाठीं रडावयास हवें होतें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या नाटकाकडे आपण युद्धव्यापाराच्या नीतीचा ग्रंथ म्हणून बोट दाखवितों, तें वस्तुतः मालाच्या प्रामाणिकपणाचें नाटक आहे. सदोष माल विकूं नये, हें सांगण्यास युद्धाची गरज नव्हती. औषधें विकणाऱ्यालाहि तोच नियम लागू आहे.

आतां शॉकडे वळूं. त्याचा अँड्रयू अंडरशाफ्ट तोफा आणि पाणसुरुंग बनवितो, आणि त्याचा माल उत्कृष्ट असतो. शॉनें तड्यांचा आडोसा प्रथमच दूर केल्यामुळें खरा प्रश्न उघडा पडतो. अंडरशाफ्टचा धर्म असा कीं, जो रास्त किंमत देईल त्याला शस्त्र द्यावें. त्याचा पक्ष, पंथ, हेतु पाहूं नये. त्याची मुलगी बार्बरा ही मुक्तिफौजेची सेविका. दारूच्या आणि तोफांच्या पैशावर आपला आश्रम चालतो हें पाहून तिची श्रद्धा ढासळते. पुढें बापाचा कारखाना पाहावयास गेल्यावर तेथें स्वच्छ घरें आणि पोटभर जेवलेले कामगार दिसतात. टीकाकार येथें शॉवर रागावतात, आणि तो राग सर्वस्वीं अस्थानीं नाहीं. अंडरशाफ्टचा वाक्चातुर्याचा भाता कधीं रिता होत नाहीं, आणि त्याला अडविण्याजोगा तुल्यबल प्रतिपक्षी शॉनें दिलेला नाहीं.

तथापि या नाटकांतील एक जागा पुष्कळदां नजरेंतून निसटते. बार्बराशीं विवाह करूं इच्छिणारा ॲडॉल्फस कझिन्स हा ग्रीक भाषेचा प्राध्यापक आहे. कारखान्याचें वारसपद पत्करतांना तो एक जुनी हकीकत सांगतो. त्याचा सर्वांत आवडता विद्यार्थी ग्रीसच्या बाजूनें लढावयास निघाला, तेव्हां कझिन्सनें त्याला प्लेटोचा ग्रंथ न देतां एक पिस्तूल आणि अंडरशाफ्टचींच शंभर काडतुसें भेट दिलीं. त्या पिस्तुलानें जे तुर्क मेले असतील, त्यांचें रक्त आपल्या शिरावर आहे, असें तो स्वच्छ सांगतो. कझिन्सला ग्रीसची बाजू न्याय्य वाटत होती आणि आपल्या कृत्याचा पश्चात्तापहि त्याला झालेला नाहीं. तरी हिशेबाच्या वहींत तो शत्रूचें रक्त मांडतो. मिलरच्या संपूर्ण नाटकांत जें नाहीं, तें थट्टेखोर म्हणविणाऱ्या शॉच्या या दोन-तीन वाक्यांत आहे. विद्यार्थ्यांच्या हातीं काय द्यावें याचा निर्णय ज्यांना रोज करावा लागतो, अशा आमच्या व्यवसायबंधूंनीं तर ती जागा अवश्य वाचावी.

असें असलें तरी आजच्या प्रश्नाला अंडरशाफ्टहि पुरा पडत नाहीं. तो तोफ बनवितो, तोफ म्हणूनच विकतो आणि दारावर तशी पाटी लावतो. आजचा पुरवठादार तोफ बनवीत नाहीं. ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कंपनीचें उदाहरण घ्या. तिची मालक कॅनडाची बी. आर. पी. ही कंपनी बर्फावरून धांवणाऱ्या हौशी गाड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. रोटॅक्सचीं लहान इंजिनें हौशी वैमानिकांच्या हलक्या विमानांत बसविलीं जातात. २०२० सालीं नागोर्नो-काराबाखच्या युद्धांत तुर्की बनावटीचीं वैमानिकरहित लढाऊ विमानें वापरलीं गेलीं, आणि त्यांत हींच इंजिनें असल्याचें जगापुढें आलें. तेव्हां, आपलीं इंजिनें नागरी उपयोगासाठींच प्रमाणित आहेत असें सांगून, ज्या देशांत उपयोगाची स्पष्टता नाहीं तेथें तीं पाठविणें बी. आर. पी.नें त्याच ऑक्टोबरांत थांबविलें. पुढें २०२२ च्या ऑगस्टांत लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटनें युक्रेनमध्यें हस्तगत झालेल्या २७ रशियन शस्त्रप्रणाली उघडून पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत ४५० हून अधिक प्रकारचे परदेशी भाग निघाले. बहुतेक अमेरिकन कंपन्यांचे. त्यांतील पुष्कळसे भाग खुल्या बाजारांत मिळणारे होते. कंपनी घाऊक व्यापाऱ्याला विकते, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्या देशांतल्या तिसऱ्याला. केलरच्या हातीं एकच टेलिफोन होता. आज मधल्या तारा इतक्या आहेत कीं बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण याचाच पत्ता लागत नाहीं.

मग अशा कंपनीला दोष द्यावयाचा कसा? लोहारानें विळा केला. कोणी त्यानें गवत कापलें, कोणी माणूस मारला. त्यांत लोहाराचा काय अपराध? हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पशुहत्येच्या पापाचे वांटेकरी मोजलेले आहेत. अनुमति देणारा, मारणारा, मांसाचे तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे सर्व तेथें घातकच ठरविले आहेत. दायित्वाची सांखळी इतकी लांबविणाऱ्या त्या यादींत सुरी करणारा लोहार मात्र नाहीं. आणि हें योग्यच आहे. कारण सुरी शंभर कामांची असते, आणि ती कोणत्या कामीं येईल हें लोहाराला ठाऊक नसतें. परंतु खाटकानें येऊन आपल्या कामाचें माप दिलें, त्या मापाचें पातें करून मागितलें आणि लोहारानें तें करून दिलें, तर? किंवा विळे कोठें जातात याची कुणकूण गांवभर असतां लोहारानें चौकशी करणेंच सोडून दिलें, तर? यादीबाहेर ठेवणारें त्याचें अज्ञान तेव्हां अज्ञान राहत नाहीं. तें पांघरूण होतें.

कायद्यानेंहि एका भयंकर खटल्यांत हाच मुद्दा तपासला आहे. १९४६ च्या मार्चमध्यें हॅम्बुर्ग येथें ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढें ब्रूनो टेश आणि त्याच्या पेढीचे दोन नोकर उभे होते. कीटकनाशक विषारी वायु पुरविणें आणि धुरी देऊन इमारती निर्जंतुक करणें हा त्या पेढीचा धंदा. तोच वायु नाझींच्या छावण्यांत माणसें मारण्यास वापरला गेला. माल अस्सल होता आणि मुळांत नागरी उपयोगाचाच होता. न्यायालयापुढें प्रश्न ठेवला गेला तो असा: माणसें वायूनें मारलीं गेलीं काय, वायु या पेढीनें पुरविला काय, आणि आरोपींना त्याचा उपयोग ठाऊक होता काय? टेश आणि त्याचा मुख्य व्यवस्थापक यांना फांशी झाली. तिसरा आरोपी धुरी देण्याच्या कामाचा तज्ज्ञ होता; पुरवठा चालू ठेवणें वा थांबविणें त्याच्या हातीं होतें असें न दिसल्यामुळें तो सुटला. या निकालांतून दोन मापें हातीं लागतात: जाण आणि अधिकार. ज्याला ठाऊक आहे आणि जो थांबवूं शकतो, त्याला मालाच्या निर्दोषपणाचा आश्रय घेतां येत नाहीं.

हीं मापें घेऊन पुन्हां नाटकाकडे आलों, म्हणजे ख्रिस केलर नव्या प्रकाशांत दिसूं लागतो. प्रेक्षकांचें लक्ष बापाकडे असतें. ख्रिस हा सदसद्विवेकाचा आवाज समजून आपण त्याच्या पक्षाला मिळून बसतों. पण हा ख्रिस कोण आहे? त्याच्या हाताखालचे जवळजवळ सर्व सैनिक मेले. घरीं परतल्यावर मोटार, शीतकपाट, बँकेतला पैसा हीं सर्व रक्ताळलेली लूट आहे असें त्याला वाटलें. तरीहि तो त्याच कारखान्यांत गेला, तोच पगार घेऊं लागला. अखेरीस तो स्वतःच कबूल करतो कीं, बापाविषयीं संशय आपल्याला होता, आणि आपण त्याबाबत कांहींच केलें नाहीं. त्यानें खोटें कधीं सांगितलें नाहीं. विचारलें मात्र नाहीं. ठाऊक करून घेण्याचा अधिकार असतां जाण टाळणारा हा सज्जन, सुशिक्षित, कष्टाळू तरुण हेंच आमच्या मतें या विषयाचें खरें पात्र होय. केलर विरळा, अंडरशाफ्ट त्याहून विरळा. ख्रिस मात्र प्रत्येक कार्यालयांत बसलेला आहे. मिलरनें त्याला न्यायाधीशाच्या जागीं बसविण्याची घाई केली, ही या थोर नाटकांतील खरी उणीव.

ख्रिसनें वेळींच विचारलें असतें तर काय झालें असतें, याचेंहि एक उदाहरण अलीकडे घडलें आहे. वैमानिकरहित विमानांनीं टिपलेलीं चित्रें यंत्राकडून वाचून घेण्याच्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या प्रकल्पांत गूगल कंपनी सामील असल्याचें २०१८ च्या प्रारंभीं बाहेर आलें. तेव्हां तिच्या तीन हजारांहून अधिक नोकरांनीं सह्या करून विरोध कळविला. कांहींनीं नोकरी सोडली. जूनमध्यें, करार पुढें चालविणार नाहीं, असें कंपनीनें जाहीर केलें, आणि शस्त्रांसाठीं आपली बुद्धियंत्रें वापरणार नाहीं असें वचनहि प्रसिद्ध केलें. एकट्या माणसाला जो अधिकार नव्हता, तो अनेकांनीं मिळून निर्माण केला. या कथेचा उत्तरार्ध मात्र तितका सुखाचा नाहीं. प्रकल्प थांबला नाहीं, दुसऱ्या कंपन्यांनीं तो उचलला. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत गूगलनें तें वचन आपल्या तत्त्वांतून काढून टाकलें. एकदां विचारून हा प्रश्न मिटत नाहीं.

यावरून शस्त्राला हात लावणारा प्रत्येकजण पापी, असा निष्कर्ष काढणें हा भाबडेपणा होईल. काराबाखमध्यें ज्या विमानांवरून रोटॅक्सची अडचण झाली, त्याच जातीचीं विमानें २०२२ सालीं युक्रेननें आक्रमक सैन्याविरुद्ध वापरलीं, आणि जगांतील पुष्कळांनीं त्यांची वाहवा केली. आपल्या पुराणांतहि वज्रासाठीं अस्थि देणाऱ्या दधीचीला कोणी दोष दिलेला नाहीं. पण दधीचीनें दिलें तें कोणाला, कशासाठीं आणि कोणावर चालणार हें जाणून दिलें, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. देणें हा तेथें निर्णय होता. आजच्या पुरवठ्याची खरी आपत्ति अशी कीं, त्यांत निर्णयच कोणी घेत नाहीं. तो घाऊक व्यापारी, निर्यातीचे कागद आणि गुप्ततेचे करार यांच्यांत विरून जातो.

हा प्रश्न दूरदेशींच्या कारखानदारांचा आहे असें समजून आपल्याला स्वस्थ बसतां येणार नाहीं. महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाचीं हुशार मुलें आणि मुली आज पुण्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत अशाच कंपन्यांत यंत्रें आखीत आहेत, आज्ञावली लिहीत आहेत. केलरची बायको केट हिला सारें ठाऊक होतें आणि घर टिकावें म्हणून ती गप्प होती, हें येथें आठवावें. मुलाला नोकरी लागली म्हणजे पगार, गांव, बढती यांची चौकशी आपण करतों. त्यानें केलेला माल कोठें जातो हें विचारीत नाहीं. विचारलें तर मुलाला कदाचित् उत्तर देतां येणार नाहीं. पण तो प्रश्न घेऊन तो दुसऱ्या दिवशीं कामावर जाईल. मिलरनें आपल्या नाटकाला जें नांव दिलें त्यांत दोन्ही बाजूंचे मुलगे सामावूं शकतात. माल बनविणारे आणि त्या मालाखालीं सांपडणारे. नाटकानें अर्धें ठेवलेलें तें काम पुरें करणें आतां वाचणाऱ्याकडे आलें आहे.